मागची काच अडकली? मोटर विकत घ्यायच्या आधी एवढं करून बघा

माझ्याकडे १९९४ ची टोयोटा फोररनर ही एसयूव्ही आहे. सिएटलजवळ राहतो, आणि इथला पाऊस आपल्यासारखा चार महिने धो धो पडून मोकळा होत नाही, ऑक्टोबरात रिपरिप लागली की मे पर्यंत चालूच. अशाच एका शनिवारी आठवड्याचं सामान भरून घरी आलो, मागची काच खाली घ्यायला बटण दाबलं तर काहीच नाही. आवाज नाही, हालचाल नाही, ढिम्म. आणि या गाडीत काच खाली गेल्याशिवाय मागचं दार उघडत नाही कारण हँडलच आतल्या बाजूला, मग काय, मागची सीट पाडून रांगत आत गेलो आणि तांदळाची पिशवी ओढत ओढत पुढच्या दारातून बाहेर काढली. शेजारचा माणूस कुत्रा फिरवत होता तो थांबून बघत होता.

एका गॅरेजमध्ये विचारलं तर त्यांनी न बघताच मोटर गेली म्हणून सांगितलं आणि जो आकडा टाकला त्यात माझं मुंबईचं एका बाजूचं तिकीट आलं असतं. रात्री सांगलीला मामाला फोन लावला. मामाने तीस वर्षं गॅरेज चालवलंय पण फोररनर आयुष्यात बघितलेली नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "अरे, करंट कुठवर येतोय ते बघितलंस का?" मी म्हटलं नाही. "मग मोटर गेली हे कुणी ठरवलं?"

तर हा लेख म्हणजे त्या एका प्रश्नाचा विस्तार आहे. ज्यांनी गाडीचं काम कधीच केलं नाही त्यांच्यासाठी लिहितोय, त्यामुळे जाणकारांनी सांभाळून घ्या.

आधी भानगड काय आहे ते समजून घ्या

मागची काच विजेवर खाली उतरून दारातच लपते अशा जुन्या गाड्या अमेरिकेत बऱ्याच आहेत. १९९५ पर्यंतची फोररनर (तिचं मागचं दार खाली पडतं, १९९६ पासून ते वर उचलायचं झालं पण काच आजही खाली उतरते), १९९६ पर्यंतची मोठी फोर्ड ब्रॉन्को, शेव्हरोलेची जुनी के-५ ब्लेझर, जीपची ग्रँड वॅगनीअर. गाडी कुठलीही असो, आतला मामला साधारण एकच. एक १२ व्होल्टची डीसी मोटर, तिला दोन वायरी. प्लस-मायनस एका बाजूने दिलं की काच वर, उलटं दिलं की खाली. बहुतेक गाड्यांत स्विच सोडलेला असताना दोन्ही वायरी अर्थला (म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसला) असतात आणि स्विच दाबला की त्यातली एक प्लसला जाते, बस.

ही मोटर फिरली की रेग्युलेटर म्हणजे कात्रीसारखे लोखंडी हात काच वरखाली करतात. स्विच दोन, एक पुढे ड्रायव्हरजवळ आणि दुसरा मागच्या दाराला किल्लीने फिरवायचा. शिवाय कंपनीने सेफ्टीसाठी दोन-तीन अटी घातलेल्या असतात, दार नीट बंद आहे का, वायपर आपल्या जागेवर आहे का वगैरे. अट पुरी नसेल तर सगळं ठणठणीत असूनही काच हलणार नाही. नवखी माणसं इथेच फसतात, मीही फसलो.

एक गोष्ट आत्ताच सांगतो. काच खाली राहून अडकली असेल तर तशी गाडी चालवू नका, निदान लांब तरी नको. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर उघड्या काचेतून आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, डोकं दुखायला लागेपर्यंत कळतही नाही. नाइलाजाने न्यावीच लागली तर पुढच्या काचा उघड्या आणि पंखा बाहेरची हवा आत घेईल असा फुल लावून न्या, आणि मागे पोरांना बसवू नका.

काय काय लागेल

साधा मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प (सुईवाला, ज्याच्या मुठीत बल्ब असतो), टोयोटा असेल तर १० नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, दारांचे प्लास्टिकचे क्लिप काढायची चपटी पट्टी, बॅटरीपासून मागच्या दारापर्यंत पुरतील अशा दोन जाड वायरी आणि त्यातल्या प्लसच्या वायरीत बसवायला २० अँपिअरचा फ्यूज. मीटर महागाचा नको, व्होल्ट आणि कंटिन्युइटी (वायर सलग आहे की तुटलीय ते) दाखवला की पुरे. डोक्याला लावायचा टॉर्च मात्र घ्याच, मोबाइल दातात धरून काम होत नाही, मी करून बघितलंय.

पहिलं काम: कान लावा

काही उघडायच्या आधी गाडी शांत जागी लावा, रेडिओ बंद, किल्ली ऑन. एकाला पुढे बसवून बटण दाबायला सांगा आणि तुम्ही मागच्या दाराला कान लावा. त्याचवेळी आतला दिवा बघत राहा, ही युक्ती मामाची आहे आणि फुकट आहे.

बटण दाबल्यावर दिवा किंचित मंद झाला म्हणजे करंट मोटरपर्यंत जातोय आणि मोटर जोर लावतेय पण काहीतरी अडकलंय. म्हणजे एक तर मोटर जाम, नाहीतर काच जाम. दिवा तसूभरही हलला नाही आणि आवाजही नाही तर करंट कुठेतरी तुटलाय, बहुतेकदा वाटेतच, कधी कधी मोटरच्या आत. फक्त टिक असा आवाज आला तर रिले (बटणाच्या हुकमावर मोटरचा करंट जोडणारा विजेचा स्विच) हलतोय आणि बिघाड बहुतेक त्याच्या पुढे आहे. गूं करून मोटर फिरल्याचा आवाज येतोय पण काच जागची हलत नाही तर विजेचा काही संबंध नाही, गिअर किंवा रेग्युलेटर गेलाय. जुन्या फोर्डच्या मोटरमध्ये गिअरच्या आत प्लास्टिकचे तीन गुटके असतात, ते भुगा होतात आणि मोटर बिचारी नुसतीच फिरत राहते. ते गुटके वेगळे मिळतात, अख्खी मोटर बदलायची गरज नसते.

माझ्याकडे दिवा ढिम्म होता. म्हणजे करंट तुटलेला, आणि गॅरेजवाला म्हणत होता मोटर.

बॅटरी, फ्यूज आणि त्या अटी

बॅटरी बघा, इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. जुनी काच थंडीत मुळातच जड चालते, त्यात बॅटरी मेलेली असेल तर चढणारच नाही, म्हणून एकदा इंजिन चालू ठेवून बटण दाबून बघा.

मग फ्यूज. फ्यूज डोळ्याने बघून ठरवू नका, टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा आणि सुई फ्यूजच्या दोन्ही टोकांना एकेक करून लावा, किल्ली ऑन असताना दोन्हीकडे बल्ब लागला पाहिजे. एकीकडे लागला आणि दुसरीकडे नाही तर फ्यूज गेला. नवीन टाकला आणि तोही लगेच उडाला तर जास्त अँपिअरचा टाकायचा शहाणपणा करू नका, बहुतेक वायर कुठेतरी बॉडीला घासतेय. काही गाड्यांत फ्यूजऐवजी आपोआप परत जोडला जाणारा सर्किट ब्रेकर असतो, तो गरम होऊन तुटतो आणि थंड झाल्यावर परत चालू होतो, त्यामुळे "पाच मिनिटं थांबलं की चालते" असा प्रकार असेल तर त्याच्यावर संशय घ्या. मोटरच्या पोटातही बहुतेकदा असाच एक ब्रेकर असतो, म्हणून बटण सलग दाबून धरू नका.

आता दोन्ही स्विच वापरून बघा. पुढच्याने चालत नाही पण मागे किल्ली फिरवल्यावर चालते, तर सुटलात, मोटर चांगली आहे आणि बिघाड पुढच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. उलट असेल तर किल्लीचा स्विच, तो बाहेरच्या बाजूला असल्याने पाणी खाऊन गंजतोच. दोन्हीकडून नाही म्हणून दोन्ही स्विच चांगले असं मात्र धरू नका, कारण काही गाड्यांत दोन्ही एकाच साखळीत असतात, म्हणजे पुढच्या स्विचचा करंट मागच्या स्विचमधून जातो आणि मागचा गंजला की पुढचाही मुका होतो. ब्रॉन्कोवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवा.

मग दार. गुडघ्याने दाबून नीट बंद करा, डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंनी, कारण खिट्टी दोन्हीकडे असते आणि एक बाजू अर्धवट लागली तर डोळ्यांना दार बंदच दिसतं. दाबून धरलेलं असताना कुणाला तरी बटण दाबायला सांगा. चाललं तर खिट्टीतला छोटा स्विच किंवा दाराची अॅडजस्टमेंट. मागे वायपर असेल तर तो मध्येच थांबलेला नाही ना बघा, तो जागेवर गेल्याशिवाय फोररनरची काच खाली येत नाही. वायपरचं बटण एकदा चालू-बंद करा. एवढ्यावर काम झालं तर बाकीचा लेख सोडून द्या आणि चहा प्या.

खरा चोर बहुतेकदा बिजागरीपाशी असतो

गाडीच्या बॉडीतून मागच्या दारात जाणारा वायरींचा जुडगा बिजागरीजवळून रबराच्या नळीतून जातो. दार जेवढ्या वेळा उघडलं तेवढ्या वेळा तो जुडगा त्याच जागी वाकला, आणि तीस वर्षांत किती वेळा उघडलं असेल त्याचा हिशोब तुम्हीच करा. वरचं प्लास्टिक लवचिक असतं म्हणून टिकतं आणि आतली तांब्याची तार मात्र तुटते. बाहेरून वायर अगदी धडधाकट दिसते.

ती कशी ओळखायची तर रबराची नळी एका टोकाने सोडवून मागे सरकवायची आणि एकेक वायर दोन चिमटीत धरून हलकेच ताणायची. चांगली वायर ताणली जात नाही. तुटलेली वायर च्युइंगमसारखी लांबते, कारण आत तार नाहीच, नुसतं प्लास्टिक हातात आहे. माझ्या जुडग्यातली तिसरी वायर अशी लांबली तेव्हा मी गाडीखाली उताणा पडलेला होतो आणि जोरात हसलो, बायको खिडकीतून ओरडली काय झालं म्हणून.

याच्या आधी एक सोपी परीक्षा आहे, एकाने बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्याने ती नळी हाताने इकडेतिकडे वाकवायची. काच झटका मारून थोडी जरी हलली तरी चोर सापडला. बोटं काचेच्या वाटेत ठेवू नका, ही मोटर थांबत नाही, तिला माणूस कळत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी एक जाता जाता, जुन्या झेन, एस्टीम, सँट्रो अशा गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराची पॉवर विंडो मध्येच बंद पडते तेव्हा दार आणि खांब यांच्यामधल्या त्या काळ्या रबरी नळीत हेच झालेलं असू शकतं. परीक्षा तीच.

जोडताना नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली तर पुढच्या पावसाळ्यात परत हाच लेख वाचायला याल. जिथे वायर वाकते तिथे जोड येता कामा नये, म्हणून तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना चार-पाच इंच वायर कापून टाका आणि मध्ये तेवढ्याच जाडीची, बारीक तारांची मऊ वायर घाला. आधी हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी वायरीत ओवा (मी दोनदा विसरलो आणि दोनदा जोड परत सोडवला), मग कथिलाने झाळा, नळी वर सरकवून गरम करा. दोन वायरींचे जोड एकासमोर एक न येता पुढेमागे येतील असं बघा नाहीतर जुडगा नळीत शिरत नाही. एक तुटली असेल तर शेजारच्याही त्याच वाटेवर असतात, एकदा उघडलंच आहे तर सगळ्याच बदला.

तरी नाही चालली, तर मोटरला थेट करंट

इथे दाराच्या आत जायचं आहे, आणि दार बंद, काच वर, म्हणजे परत सीट पाडून रांगत आत. आतून दाराचं पॅनल क्लिप आणि स्क्रूवर असतं, ते निघालं की खाली लोखंडी झाकण, त्याचे बोल्ट काढायचे. झाकणाच्या कडेला काळा चिकट मसाला असतो, तो कपड्यांना लागला तर कपडे गेले समजा. बोल्ट एका डब्यात ठेवा, कार्पेटवर ठेवू नका.

मोटरचं कनेक्टर सोडवा. बॅटरीपासून फ्यूज घातलेली प्लसची वायर आणि एक मायनसची वायर आणून मोटरच्या दोन पिनांना लावा. काच वर सरकायचा प्रयत्न करत असेल तर ती आधीच वर आहे, वायरींची अदलाबदल करा, खाली यायला लागेल. आली तर मोटर जिवंत आहे, आणि आता दार उघडू शकतं म्हणून बाकीचं काम उभं राहून करता येईल.

थेट करंट देऊनही गप्प असेल तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या पाठीवर दोन-चार टिचक्या मारा, करंट चालू असतानाच. आतले कार्बन ब्रश अडकलेले असतात ते कधी कधी जागे होतात. जागी झाली तरी ती मोटर आता पाहुणी आहे हे धरून चाला.

मोटर थेट चालते पण गाडीच्या वायरीवर नाही, किंवा अगदी रडतरखडत चालते, तेव्हा मीटर काढा. कनेक्टर परत लावून मागच्या बाजूने मीटरच्या पिना घालायच्या आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगायचं. कनेक्टर सुटा ठेवून मोजलं तर एका तारेवर लटकलेली वायरसुद्धा १२ व्होल्ट दाखवते, मोटर ओढायला लागली की खरं काय ते कळतं. मोटरच्या दोन वायरींमध्ये ११ च्या वर येत असेल तर ठीक. ८-९ येत असेल तर उरलेले व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय. मीटरची एक पिन मोटरच्या मायनस बाजूच्या वायरीला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावा, बटण दाबलेलं असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब आहे. पण वर सांगितलं तसं या मोटरचा अर्थ बहुतेकदा स्विचमधूनच जातो, त्यामुळे नुसता बॉडीचा बोल्ट घासून उपयोग नाही, स्विच उघडून त्याचे काळे पडलेले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून बघा. नवीन स्विच घ्यायच्या आधी हे कराच.

मोटर काढायचीच झाली तर

हा भाग घाईत वाचू नका. रेग्युलेटरवर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी दिसली तर ती काचेचं वजन तोलून धरण्यासाठी ताणून बसवलेली असते, आणि तिला मोटरच्या गिअरने अडवून धरलेलं असतं. मोटर सुटली की लोखंडी हात फटकन फिरतो, बोट मध्ये असेल तर बोट जातं. म्हणून आधी काच हाताने वर धरून आधार द्या, टेपने चौकटीला चिकटवा, आणि रेग्युलेटरचा दातेरी भाग आणि त्याची पाटी यांना मिळून एक क्लॅम्प किंवा आरपार बोल्ट घालून जखडा. मगच मोटरचे बोल्ट ढिले करा. स्वतःवर भरवसा वाटत नसेल तर हे एवढंच काम गॅरेजला द्या, त्यात काही कमीपणा नाही.

काचच जाम असेल तर

दिवा मंद होत होता, मोटर चांगली, तरी काच इंचभर सरकून थांबते असं असेल तर काचेच्या दोन्ही बाजूंच्या रबरी खाचा बघा. कडक होऊन, माती भरून, शेवाळ धरून बसलेल्या असतात. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्याने धुवा, वाळू द्या आणि सिलिकॉन स्प्रे मारा. तेल किंवा ग्रीस रबराला लावू नका, रबर फुगतं आणि धूळ धरून आणखी जाम होतं. डब्ल्यूडी-४० चा डबा तर बाजूलाच ठेवा. ग्रीस लावायचं ते आत, रेग्युलेटरच्या दात्यांना आणि ज्या खाचेतून त्याची चाकं सरकतात तिथे, पांढरं लिथियम ग्रीस. थोडंच.

काच मध्येच अडकलीय आणि बाहेर पाऊस आलाय अशी आणीबाणी असेल तर एकाने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने काचेच्या दोन्ही बाजूंना तळवे लावून सरळ वर ढकलायचं, तिरकं नाही. नव्वद टक्के वर गेली तरी आजची रात्र निघते, वर एक प्लास्टिकची पिशवी आणि रंगकामाची टेप.

बंद करायच्या आधी

दार आत उघडं आहे तोवर तळाशी हात घालून बघा. पाणी निघायला तिथे भोकं असतात आणि ती पानं-चिखलाने बुजलेली असतात. माझ्यात पाईनच्या सुया आणि कुठल्या तरी मागच्या मालकाची ओली, लगदा झालेली पार्किंगची पावती निघाली. भोकं बुजली की दारात पाणी साठतं, खिट्टीचा स्विच, मोटर आणि शेवटी पत्रा सगळंच गंजतं. तारेने मोकळी करा, वरून एक तांब्याभर पाणी ओता आणि खालून लगेच गळतं का बघा.

मग लोखंडी झाकण लावण्याआधीच काच दहा वेळा वरखाली करा, पुढच्या स्विचने पाच आणि किल्लीने पाच, आणि दार दोन-तीनदा आपटून परत एकदा. मी हे न करता पंधरा बोल्ट लावून, पॅनल बसवून, हात धुवून आलो आणि किल्ली फिरवली तर वायपरचं कनेक्टर जोडायचंच राहिलं होतं. परत सीट पाडली.